छोटा गेमिंग कीबोर्ड घेतल्याने खेळ खरेच सुधारतो का? मिलिसेकंदांचा हिशोब काय सांगतो?

इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर गेमिंगचे व्हिडीओ पाहणाऱ्यांना एक दृश्य आता चांगलेच ओळखीचे झाले आहे. टेबलावर फूटभर लांबीचा, रंगीत दिव्यांनी उजळलेला छोटासा कीबोर्ड, शेजारी भला मोठा माउसपॅड आणि खाली एक ओळ : ‘हा घेतला आणि रँक वाढली!’

हा व्हिडीओ पाहून मुलाने किंवा मुलीने घरात मागणी केली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो. चांगला चालू कीबोर्ड असताना दुसरा कशाला? आणि तोही चाळीसेक बटणे कमी असलेला, पण किमतीला जास्त?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर जाहिरातीत सापडत नाही. कारण जाहिरातीत तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र केलेल्या असतात : कीबोर्डचा आकार, बटणाखालचा स्विच आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला पोलिंग रेट. या तिन्हींचा खेळावर होणारा परिणाम सारखा नाही. एकाने माउसला जागा मिळते, दुसऱ्याने वेळ वाचतो आणि तिसऱ्याचा उपयोग बहुतांश खेळाडूंना जाणवतही नाही. कोणता आकडा कशासाठी पाहायचा, हे समजले की खरेदीचा निर्णय बराच सोपा होतो.

‘कॉम्पॅक्ट’ म्हणजे नेमका किती छोटा?

नेहमीच्या पूर्ण कीबोर्डवर साधारण १०४ बटणे असतात. त्यातला उजवीकडचा आकड्यांचा भाग, म्हणजे नमपॅड काढला, की उरतो ८७ बटणांचा ‘टेन-की-लेस’ किंवा टीकेएल कीबोर्ड. त्यातूनही बाणांची बटणे, होम-एंड-डिलीटचा गट आणि वरची एफ १ ते एफ १२ ही ओळ काढली, की उरतो ६१ बटणांचा ‘६० टक्के’ कीबोर्ड. स्पर्धात्मक गेमिंगमध्ये ‘कॉम्पॅक्ट’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हाच येतो. या दोहोंच्या मधला ‘६५ टक्के’ प्रकारही लोकप्रिय आहे. त्यात बाणांची बटणे राखलेली असतात.

लांबीचा हिशोबही सोपा आहे. कीबोर्डवरील एका साध्या बटणासाठी सुमारे १९ मिमी जागा धरली जाते. त्यानुसार पूर्ण कीबोर्डवरील बटणांची रांग सुमारे ४३ सेंमी, टीकेएलची सुमारे ३५ सेंमी आणि ६० टक्केवाल्याची सुमारे २८.५ सेंमी भरते. बाहेरची चौकट धरून यात थोडी भर पडते. म्हणजे पूर्ण कीबोर्डवरून ६० टक्क्यांवर आल्यास टेबलावर साधारण १४ सेंमी जागा मोकळी होते. टीकेएलवरून आल्यास मात्र फक्त सहा सेंमी.

१४ सेंमी जागेने नेमबाजीत काय फरक पडतो?

काउंटर-स्ट्राइक २ किंवा व्हॅलोरंटसारख्या नेमबाजीच्या खेळांत अनेक कसलेले खेळाडू माउसची संवेदनशीलता मुद्दाम कमी ठेवतात. माउस थोडा हलला तर नेमही थोडाच हलतो, त्यामुळे अचूकता साधते. पण याची किंमत जागेच्या रूपात मोजावी लागते.

उदाहरण घेऊ. काउंटर-स्ट्राइकमध्ये माउस ८०० डीपीआयवर आणि खेळातील संवेदनशीलता १ ठेवली, तर पूर्ण गिरकी घेण्यासाठी माउस सुमारे ५२ सेंमी सरकवावा लागतो. मागे वळून पाहायचे तर २६ सेंमी. या हिशोबाने नमपॅड आणि त्याच्या शेजारच्या बटणांनी अडवलेली १४ सेंमी जागा म्हणजे जवळपास काटकोनात वळण्याइतकी हालचाल! ऐन मोक्याच्या क्षणी माउस कीबोर्डच्या कडेवर आपटण्याचे कारण हेच. स्पर्धांच्या जुन्या चित्रफितींमध्ये खेळाडूंनी कीबोर्ड तिरका, काही वेळा जवळजवळ उभा ठेवलेला दिसतो, तोही याच अडचणीवरचा उपाय होता.

पण याचीच दुसरी बाजू अशी, की जास्त संवेदनशीलता ठेवून फक्त मनगटाने माउस फिरवणाऱ्याला, किंवा ज्याचे टेबल मुळातच ऐसपैस आहे त्याला, या मोकळ्या जागेचा फारसा उपयोग नाही. लीग ऑफ लेजंड्ससारख्या खेळांत तर माउसची हालचाल मुळातच कमी असते. म्हणजे छोट्या आकाराचा फायदा खरा आहे, पण तो सर्वांसाठी सारखा नाही.

मेकॅनिकल कीबोर्डमध्ये वेगळे काय असते?

ऑफिसातल्या साध्या कीबोर्डमध्ये बटणांखाली रबराचा घुमट असतो. तो पूर्ण दबला की खालच्या पातळ पडद्यावरचे सर्किट जुळते. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली स्प्रिंग असलेला स्वतंत्र स्विच असतो. बटण एका ठरावीक खोलीपर्यंत गेले, की धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि संगणकाला संदेश जातो. या खोलीला ‘अ‍ॅक्च्युएशन पॉइंट’ म्हणतात.

चेरी या जर्मन कंपनीचा ‘एमएक्स रेड’ हा गेमिंगमधला परिचित स्विच. त्याचे बटण एकूण ४ मिमी खाली जाते आणि २ मिमीवर नोंद होते. याच कंपनीच्या ‘स्पीड सिल्व्हर’ स्विचमध्ये नोंद १.२ मिमीवरच होते. निळ्या रंगाचा ‘एमएक्स ब्लू’ दर दाबाला टिकटिक वाजतो. टायपिंग करताना अनेकांना तो आवाज आवडतो, पण रात्री खेळताना शेजारच्या खोलीतल्यांची झोपमोड आणि माइकमधून सहकाऱ्यांची डोकेदुखी ठरलेली. म्हणून गेमिंगसाठी सरळ, अडथळ्याविना खाली जाणारे ‘लिनियर’ स्विच अधिक पसंत केले जातात.

धातूच्या पट्ट्यांची एक अडचण आहे. त्या एकमेकींवर आदळताना क्षणभर थरथरतात आणि एका दाबाचे दोन-तीन दाब नोंदले जाऊ शकतात. हे टाळण्यासाठी कीबोर्ड काही काळ थांबून खात्री करतो. याला ‘डिबाउन्स’ म्हणतात आणि हा काळ अनेकदा ५ मिलिसेकंदांच्या आसपास ठेवलेला असतो.

बटण दाबण्यापेक्षा सोडणे महत्त्वाचे का?

जाहिरातीत ‘किती लवकर दाबले जाते’ यावर भर असतो. नेमबाजीच्या खेळात मात्र ‘किती लवकर सुटते’ हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो.

काउंटर-स्ट्राइकमध्ये पळता पळता झाडलेली गोळी भरकटते. नेम साधण्यासाठी आधी थांबावे लागते. उजवीकडे जाणारे ‘डी’ बटण नुसते सोडले, तर पात्र थोडे घसरत जाऊन थांबते. म्हणून खेळाडू ‘डी’ सोडून क्षणभर उलट दिशेचे ‘ए’ बटण दाबतो, म्हणजे ब्रेक लागतो. याला ‘काउंटर-स्ट्रेफिंग’ म्हणतात. यात ‘डी’ सुटायला उशीर झाला, तर दोन्ही बटणे काही काळ एकत्र दाबलेली राहतात आणि थांबण्याची वेळ चुकते.

आता साध्या मेकॅनिकल स्विचचा विचार करू. ऐन खेळात बटण बहुधा तळापर्यंत, म्हणजे ४ मिमी दाबलेले असते. ते ‘सुटले’ अशी नोंद होण्यासाठी बोट निदान २ मिमी वर यावे लागते. समजा, बोट सेकंदाला १०० मिमी वेगाने वर येते. तर या २ मिमीसाठी २० मिलिसेकंद जातात. बोट उचलायला सुरुवात झाली, पण कीबोर्डला त्याचा पत्ता नाही, असा हा काळ.

चुंबकाचे कीबोर्ड यावर काय उपाय करतात?

येथे ‘हॉल इफेक्ट’ हे नाव पुढे येते. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेला हा परिणाम असा : विद्युतप्रवाह वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबक आणला, की पट्टीच्या दोन कडांमध्ये व्होल्टेज निर्माण होते. चुंबक जितका जवळ, तितके व्होल्टेज जास्त. बटणाच्या दांडीत छोटा चुंबक आणि खाली हे मोजणारा सेन्सर बसवला, की बटण किती खोल गेले आहे हे सतत कळत राहते. कल्पना नवी नाही. हनीवेल कंपनीने १९६० च्या दशकाच्या अखेरीसच असे कीबोर्ड बनवले होते.

गेमिंगमध्ये ही कल्पना गाजवली ती वूटिंग या नेदरलँड्समधील छोट्या कंपनीने. तिचा २०२२ मध्ये आलेला ‘६०एचई’ हा ६१ बटणांचा कीबोर्ड स्पर्धात्मक खेळाडूंमध्ये झपाट्याने पसरला. यात बटणाची नोंद कोणत्या खोलीवर व्हावी, हे ०.१ मिमीपासून ४ मिमीपर्यंत हवे तसे ठरवता येते. पण त्याचे खरे वैशिष्ट्य आहे ‘रॅपिड ट्रिगर’. यात ठरावीक रेषा नसतेच. बोट वर यायला लागले, की बटण सुटले असे धरले जाते आणि पुन्हा खाली गेले, की दाबले असे धरले जाते.

वरचाच हिशोब पुढे नेऊ. रॅपिड ट्रिगर ०.२ मिमीवर ठेवला, तर त्याच वेगाने उचललेल्या बोटाची नोंद २ मिलिसेकंदांत होते. २० च्या जागी २, म्हणजे १८ मिलिसेकंदांची बचत. शिवाय धातू धातूला टेकत नसल्याने थरथर नाही आणि डिबाउन्सची गरजही उरत नाही. आता इतर अनेक कंपन्यांच्या स्वस्त-महाग कीबोर्डमध्येही ही सोय आली आहे.

काटेकोर पाहता हे स्विच धातूच्या संपर्कावर चालत नाहीत, तरी बाजारात त्यांना सर्रास ‘मेकॅनिकल’ म्हटले जाते. त्यामुळे खोक्यावर केवळ ‘मेकॅनिकल’ लिहिलेले पाहून रॅपिड ट्रिगर असेल असे गृहीत धरू नये. ‘मॅग्नेटिक’ किंवा ‘हॉल इफेक्ट’ हा उल्लेख शोधावा आणि रॅपिड ट्रिगर आहे का, हे वेगळे तपासावे.

मग ८००० हर्ट्झचे काय?

पोलिंग रेट म्हणजे कीबोर्डकडून संगणकाला सेकंदाला किती वेळा माहिती जाऊ शकते, तो आकडा. १२५ हर्ट्झवर दोन नोंदींमध्ये ८ मिलिसेकंदांचे अंतर असते, १००० हर्ट्झवर १ मिलिसेकंदाचे आणि ८००० हर्ट्झवर ०.१२५ मिलिसेकंदाचे. आठपट वेगवान, हे ऐकायला भारी वाटते.

पण सरासरी वाट पाहावी लागते ती या अंतराच्या निम्मी. १००० वरून ८००० वर गेल्याने वाचणारा सरासरी वेळ अर्ध्या मिलिसेकंदाहूनही कमी. त्या तुलनेत १४४ हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र सुमारे ७ मिलिसेकंद टिकते आणि ६० हर्ट्झच्या पडद्यावर जवळपास १७. नजरेला काही दिसल्यावर बोट हलायलाच माणसाला साधारण २०० मिलिसेकंद किंवा अधिक वेळ लागतो. इंटरनेट जोडणीतला चढउतार तर सहज पाच-दहा मिलिसेकंदांचा असतो. व्हॅलोरंटचे सर्व्हर मुंबईत असले, तरी घरातला वायफाय दोन भिंतींपलीकडे असेल, तर ही वाढ तिथेच होते.

थोडक्यात, १२५ हर्ट्झवरून १००० वर येणे उपयोगाचे. त्यापुढच्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्याआधी दोनदा विचार करावा. बिनतारी कीबोर्ड घ्यायचा असेल, तर स्पर्धेसाठी ब्लूटूथऐवजी २.४ गीगाहर्ट्झचा छोटा रिसीव्हर किंवा सरळ वायर वापरावी.

कीबोर्डमुळे सामन्यातून बाहेर काढले जाऊ शकते का?

हो, आणि हा मुद्दा खरेदीपूर्वीच माहीत असायला हवा. जुलै २०२४ मध्ये रेझर कंपनीने आपल्या काही कीबोर्डमध्ये ‘स्नॅप टॅप’ ही सोय आणली. यात ‘डी’ दाबलेले असतानाच ‘ए’ दाबले, तर कीबोर्ड स्वतःच ‘डी’ सुटल्याचे कळवतो. म्हणजे आधीचे बटण वेळेवर सोडण्याचे कसब यंत्रच पार पाडते. वूटिंगनेही अशाच धर्तीची सोय दिली.

ऑगस्ट २०२४ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने आपल्या अधिकृत सर्व्हरवर अशा स्वयंचलित हालचालींना मनाई केली. हाताचा समन्वय आणि प्रतिक्रियेचा वेग ही खेळाडूची स्वतःची कौशल्ये आहेत, ती यंत्राने करून देऊ नयेत, अशी कंपनीची भूमिका होती. असे आढळल्यास खेळाडूला सामन्यातून बाहेर काढले जाते. रॅपिड ट्रिगरवर मात्र ही बंदी नाही. फरक सूक्ष्म वाटला तरी महत्त्वाचा आहे : रॅपिड ट्रिगर खेळाडूच्या बोटाची हालचाल लवकर ओळखतो, तर स्नॅप टॅप न झालेली हालचाल झाल्याचे सांगतो.

भारतात डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून अधिकृत मान्यता मिळाली. २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत तो पदकांचा प्रकार होता. त्यामुळे गंभीरपणे खेळणाऱ्यांनी प्रत्येक खेळाचे आणि स्पर्धेचे नियम स्वतंत्रपणे वाचणे गरजेचे आहे. कीबोर्डमध्ये ही सोय असली, तरी ती बंद ठेवता येते.

छोट्या कीबोर्डमध्ये काय गमवावे लागते?

६० टक्के कीबोर्डवर नसलेली बटणे ‘एफएन’ बटणासोबत दुसरे बटण दाबून मिळवावी लागतात. व्हॅलोरंटमध्ये लागणारी जवळपास सगळी बटणे मुख्य भागातच असल्याने तिथे अडत नाही. काउंटर-स्ट्राइकमध्ये कन्सोल उघडणारे डाव्या कोपऱ्यातले बटण मात्र इथे एस्केपसोबत वाटून घेतलेले असते. लीग ऑफ लेजंड्समध्ये सहकाऱ्यांकडे पाहण्यासाठी एफ २ ते एफ ५ लागतात, तिथे दरवेळी दोन बटणे दाबणे जाचक ठरते.

त्याहून मोठा प्रश्न घरचा आहे. बहुतेक घरांत एकच संगणक असतो. त्यावरच एक्सेल, टॅली, कॉलेजचे प्रोजेक्ट आणि वडिलांच्या दुकानाची बिले होतात. नमपॅडशिवाय आकडे भरणे आणि बाणांशिवाय मजकूर दुरुस्त करणे, दोन्ही कंटाळवाणे. मराठी इनस्क्रिप्ट टायपिंगची अक्षरे मुख्य भागातच असल्याने ते जमते, पण हिशोबाचे काम अडते. अशा घरासाठी ६५ टक्के किंवा टीकेएल हा मधला मार्ग अधिक शहाणपणाचा.

घरच्या घरी तपासणी कशी करावी?

बहुतेक चाचण्यांना पैसे लागत नाहीत. कीबोर्ड परत करण्याची मुदत संपण्याआधी त्या उरकाव्यात.

१. पुठ्ठ्याची चाचणी. ही खरेदीपूर्वीच करावी. ३० सेंमी लांब आणि ११ सेंमी रुंद पुठ्ठा कापून टेबलावर ठेवावा आणि माउस नेहमीसारखा फिरवून पाहावा. वाढलेली जागा खरेच वापरली जाते का, हे लगेच कळते.

२. एकत्र बटणांची चाचणी. पळणे, वाकणे, उडी आणि बंदूक भरणे यांची बटणे एकाच वेळी दाबून, कीबोर्ड तपासणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर सगळी नोंदली जातात का ते पाहावे. एखादे गायब होत असेल, तर तो कीबोर्ड गेमिंगच्या कामाचा नाही.

३. दुहेरी अक्षराची चाचणी. नोटपॅडमध्ये प्रत्येक महत्त्वाचे बटण ५० वेळा दाबावे आणि अक्षरे मोजावीत. ५१ किंवा ५२ भरली, तर स्विचमध्ये दोष आहे.

४. टेकलेल्या बोटांची चाचणी. नोंदीची खोली ०.१ मिमी ठेवून बोटे बटणांवर नुसती टेकवावीत. पात्र आपोआप हलू लागले, तर खोली थोडी थोडी वाढवत न्यावी. सर्वांत कमी आकडा म्हणजे सर्वांत चांगला, असे नसते.

५. थांबून मारण्याची चाचणी. सरावाच्या मैदानात पळत येऊन थांबून भिंतीवरील एकाच खुणेवर १०० गोळ्या झाडाव्यात आणि लागलेल्या मोजाव्यात. एक दिवस जुना कीबोर्ड, एक दिवस नवा, असे आठवडाभर करावे. नवी वस्तू हाती आल्यावर पहिले दोन दिवस सगळेच छान वाटते, म्हणून एका संध्याकाळच्या निकालावर विसंबू नये.

६. दुसऱ्या संगणकाची चाचणी. ठरवलेली सेटिंग कीबोर्डमध्येच साठते का, हे मित्राच्या संगणकाला जोडून पाहावे. स्पर्धेच्या ठिकाणी सॉफ्टवेअर टाकायला परवानगी मिळेलच असे नाही.

७. दोन तासांची चाचणी. सलग खेळून मनगट दुखते का, हे पाहावे. उंच चौकटीच्या कीबोर्डला पुढे मनगटाचा आधार लागतो. दुखणे सहन करत खेळण्यात शहाणपण नाही.

मग घ्यावा की नाही?

पडदा अजून ६० हर्ट्झचा असेल किंवा नेट वारंवार अडखळत असेल, तर पैसे आधी तिकडे लावावेत. तिथली सुधारणा प्रत्येक क्षणाला दिसते. हे दोन्ही ठीक असेल, काउंटर-स्ट्राइक किंवा व्हॅलोरंटसारखा खेळ नियमित खेळला जात असेल आणि थांबून नेम धरण्याची सवय हाताला लागलेली असेल, तर रॅपिड ट्रिगर असलेला छोटा कीबोर्ड खरेच फरक पाडतो. वाचलेल्या १८ मिलिसेकंदांचा उपयोग त्यालाच होतो, ज्याचे बोट योग्य वेळी उठते. ते योग्य वेळी उठवायला कीबोर्ड शिकवत नाही.

आणि घरातल्या पहिल्या प्रश्नाचे काय? दुसरा कीबोर्ड कशाला, याचे उत्तर पुठ्ठ्याचा तुकडा, शंभर गोळ्यांची मोजणी आणि आठवडाभराची वही देऊ शकते. वहीत फरक दिसला, तर मागणी रास्त आहे. नाही दिसला, तर जुना कीबोर्ड थोडा तिरका करून ठेवावा. माउसला जागा तेवढ्यानेही मिळते, आणि तीही फुकटात.